डाव्या पिळाचा दोर

चाकापाता, ११ मार्च

प्रिय हिलारिओ,

आज सकाळी ताय्तांचे कपडे नदीवर धुतले. ऊन चांगलं होतं. शेजारच्या डोन्या पास्कुआला बरोबर आल्या होत्या. दुपारपर्यंत सगळं वाळलं. घड्या घालून घरी आणलं, चुन्योचं, वाळवलेल्या बटाट्यांचं, सूप केलं आणि दोघी जेवलो.

एवढ्यावरून तुला कळलंच असेल. गेलेल्या माणसाचे कपडे पाचव्या दिवशी धुतात हे तू विसरला नसशील. वडील गेल्याचं पत्र कसं सुरू करतात ते मला माहीत नाही, म्हणून आजच्या दिवसापासून सुरू केलं. फार हाल झाले नाहीत. खोकला छातीत उतरला. शेवटी शेवटी बोलणं बंद झालं होतं, त्याआधी बोलत होते. तुझं नाव निघालं होतं. वाईट काही म्हणाले नाहीत.

मनगटाला बांधायचा काळा दोरा मीच वळला. आईने शिकवलं तसा डाव्या पिळाचा, म्हणजे मरण त्या वाटेने घरात परत येऊ नये. दोरा अगदी सरळ आला. ताय्तांनी बघितला असता तर म्हणाले असते, बरा आहे.

दफनभूमी पलीकडच्या काठावर, आणि गवताच्या दोरांचा पूल तर आता वर्ष सरत आल्यासारखा झाला आहे. गवत काळं पडलंय आणि मधला भाग पार खाली लोंबतोय. चौघांनी पेटी उचलून नेणं शक्य नव्हतं. पाठीवर बांधून एकेकाने नेली. मध्यापर्यंत डॉन फाउस्तिनोंच्या थोरल्याने आणि तिथून पुढे पलीकडच्या एकाने.

ताय्तांना तपकिरी पोंचो घालायचा होता. तो तुझ्याकडे आहे, म्हणून राखाडी घातला. तक्रार म्हणून लिहीत नाही. तू निघून गेलास त्या सकाळी खुंटी रिकामी दिसली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "नेला ते बरं केलं. बंदरावरची थंडी दमट असते."

तब्येतीला जप.

तुझी बहीण,
सातुका


चाकापाता, १५ एप्रिल

प्रिय हिलारिओ,

आज बटाटे काढायला सुरुवात केली. पाऊस थांबला आहे, माती सुटी झाली आहे. पाठ दुखते, पण रात्री झोप लागते.

तुझं पत्र आलं नाही. ट्रक दर आठवड्याला येतो आणि मी चौकात जाते. ड्रायव्हर लांबूनच मान हलवतो, त्यामुळे मला जवळ जावंही लागत नाही.

काल डॉन फाउस्तिनो आले होते. पुलाचे मुकादम अजून तेच आहेत. टोपी काढून दारातच उभे राहिले, बस म्हटलं तरी बसले नाहीत.

"सातुर्निना, दोराशी तुमच्या घरची जागा मोकळी आहे."

"हो, डॉन फाउस्तिनो."

"जूनमध्ये नवा पूल. घरटी एक दोर आणि ओढायला एक माणूस. दोर तू वळशील, ते काही मी विचारत नाही."

"माणूस मीच. मी ओढते."

"पूल बांधताना बाई खाली काठावर उतरली की नदी रुसते."

"नदीला कुणी विचारलंय?"

"बापासारखं बोलू नकोस. तो निदान हसून बोलायचा."

मग मात्र बसले. म्हणाले, जागा आता हिलारिओची. त्याने यावं. येता येत नसेल तर ज्याचं नाव तो देईल त्याने उभं राहावं, फक्त हिलारिओच्या अंगावरचं काहीतरी घालून. टोपी, पट्टा, काहीही चालेल. तसं झालं नाही तर आपली जागा जाईल. जागा गेली की पाटाजवळचं शेत दुसऱ्याच्या वाट्याला जातं आणि आपलं घर गावात असूनही गावात धरलं जात नाही. पलीकडच्या झोपडीसारखं.

त्या झोपडीवरून लिहिते. पेटी मध्यापासून पुढे ज्याने नेली तो एवारिस्तो होता. गाव त्याला सुळ्या म्हणतं, तूही म्हणायचास. त्याची आई डोमितिला बर्फापलीकडच्या खाणीत स्वयंपाकाला गेली होती आणि पोर घेऊन परत आली, तेव्हा आपण दोघं भिंतीवर बसून बघत होतो. त्याच्या खालच्या ओठातून दोन सुळे डोकावत होते. कातडी ओल्या दगडाच्या रंगाची. कुणीतरी म्हणालं, "ऑर्काचं आहे. अर्धं तरी आहेच." बर्फापलीकडच्या त्या सुळेवाल्यांशी, ऑर्कांशी, लढलेले म्हातारे तेव्हा जिवंत होते. त्या माय-लेकरांना पुलापलीकडे झोपडी बांधून दिली आणि त्यालाच दया म्हटलं. डोमितिला गेली तरी तो तिथेच आहे.

तू गेल्यापासून ताय्ता दर रविवारी त्याच्याकडे जायचे. का ते तुला ठाऊक आहे, मी लिहीत नाही. गुडघे दुखायला लागल्यावर ते मला पाठवायचे. तो डोंगरातून खडेमीठ आणतो, ते घेऊन यायला. आता ताय्ता नाहीत, तरी मी जाते. डोन्या पास्कुआलांनी परवा पाटावर सगळ्यांसमोर विचारलं, "सातुका, दर रविवारी मीठ? तुझं सूप तुला तरी गिळवतं का गं?"

मी म्हटलं, मांस खारवते.

"कुठलं मांस? तुझ्याकडे तर एक कोंबडी आहे."

ये किंवा लिही.

सातुका


चाकापाता, १० मे

प्रिय हिलारिओ,

आज चौकात दोर जमा करायचा दिवस होता. मी आपला दोर नेला. तो परत आला.

कसं झालं ते सांगते. गवत चांगलं होतं, मी स्वतः कापलं, भिजवलं, दगडाने कुटलं. उंबऱ्यावर बसून वळलं. सगळ्या बायका वरच्या बांधावर एकत्र बसतात, पण शोक असलेल्या घरचा दोर शोक करणाऱ्या बाईने एकटीने वळायचा, म्हणून मी घरीच होते. शेजारी कुणी असतं तर पहिल्याच हातभर दोरावर ओरडलं असतं. डॉन फाउस्तिनो प्रत्येक दोर मुठीतून सोडून बघतात. आपला थोडासाच सोडला आणि थांबले.

"सातुर्निना, हा डावा आहे."

मी बघितलं. सबंध दोर डाव्या पिळाचा. ताय्तांचा दोरा वळला होता, त्यानंतर माझे हात उजवीकडे परतलेच नव्हते आणि मला कळलं नव्हतं. उजव्या पिळाच्या दोरांत एक डावा घातला की तो स्वतः सुटतो आणि शेजारच्यांनाही सोडवतो. शिवाय तो मेलेल्याचा पीळ. बायका दोन पावलं मागे सरल्या. डोन्या पास्कुआलांनी क्रूसाची खूण केली.

डॉन फाउस्तिनो रागावले नाहीत. दोर गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "दुसरा वळ. हा तर त्या सुळ्याच्या दोरासारखा झालाय. तो दर वर्षी असलाच ठेवतो, आपल्याला मेलेलं बघायला."

हिलारिओ, तेव्हा माझ्या लक्षात आलं. एवारिस्तो दर वर्षी दोर वळतो आणि पुलाच्या पलीकडच्या खांबाशी ठेवतो हे तुला माहीत आहे. गाव तो नदीत टाकतं नाहीतर त्याने कुरणातले लामा बांधतं. आपण समजत होतो की तो अपशकून म्हणून ठेवतो. तो समजत होता की दोर त्याने केलाय म्हणून टाकतात. ऑर्क सगळंच डावीकडे वळतात. डोमितिलाने घर सोडलं तेव्हा ती लहान होती आणि वळायला ती खाणीवरच शिकली. त्यांच्यात डाव्या पिळाला काही अर्थच नाही. आपल्याकडे त्याचा अर्थ काय हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि आपणही त्याला कधी विचारलं नाही.

मी रविवारची वाट न बघता गेले. पुलाच्या मध्यावर भेटलो. त्याला सांगितलं.

त्याने दोर घेऊन टोकाचा पीळ बोटांनी उलगडून बघितला. मग म्हणाला, "म्हणजे एवढंच होतं?"

मी म्हटलं, "नाही. एवढंच नव्हतं."

"ते मलाही माहीत आहे. पण एवढं तरी होतं."

आता जे मी दोन पत्रांत लिहिलं नाही ते लिहिते. मला त्याच्याशी लग्न करायचं आहे. वर्षाचा शोक संपला की. मी काही लहान नाही, तूही मला लहान समजून उत्तर देऊ नकोस. त्याच्यात काय बघितलं असं तू विचारशील, तर मला नीट सांगता येणार नाही. दोन माणसं पुलावर चालली की दोघांच्या पावलांनी पूल वेगवेगळा हलतो आणि मळमळतं. तो माझ्या पावलाला पाऊल मिळवून चालतो. इतका मोठा माणूस, पण पूल हलत नाही. ताय्तांना माहीत होतं. मडकं काठोकाठ भरलेलं असताना ते म्हणायचे, "सातुका, मीठ संपलंय बघ. जाऊन ये."

दोराशी आपल्या जागेवर त्याला उभं राहू दे. नाव तूच देऊ शकतोस. तसं झालं तर तो गावचा होईल आणि मला घर सोडावं लागणार नाही. नाही झालं तर मी पलीकडे जाईन. ताय्तांचं घर बंद होईल.

त्याचा डावा सुळा अर्धा आहे. तो कसा तुटला ते तुला माहीत आहे आणि ताय्तांनी चौकात तुझ्या कानाखाली का मारली तेही. म्हणूनच तुला विचारणं मला जड गेलं. पण विचारण्यासारखं दुसरं कुणी नाही.

सातुका


चाकापाता, ३० मे

प्रिय हिलारिओ,

आज मका सोलला. हवेत बर्फाचा वास आहे. ट्रक आला, तुझं काही नव्हतं.

दुसरा दोर अर्धाच झाला. लक्ष असेपर्यंत हात उजवीकडे जातात. लक्ष उडालं की डावीकडे. मग उसवायचं. डोन्या पास्कुआला मदतीला आल्या होत्या. मी नको म्हटलं, रीत नाही. त्या म्हणाल्या, "रीत तुला आता आठवली?" पण सोबत उकडलेले बटाटे आणले होते आणि मी जेवेपर्यंत उठल्या नाहीत.

एवारिस्तोनेही उजवीकडे वळायचा प्रयत्न केला. त्याचा दोर पावसात भिजलेल्या वेणीसारखा दिसत होता. दोघंही हसलो. वडील गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले आणि लगेच आजूबाजूला बघितलं.

त्याने विचारलं, "भावाला लिहिलंस?"

"लिहिलं."

"सुळ्याबद्दल?"

"त्याला माहीत आहे तेवढंच."

"मग त्याला माहीत नाही तेही लिही. त्या दिवशी त्याच्या गोफणीचा दगड लागला तेव्हा मीही एक उचलला होता. त्याच्या डोक्याएवढा. माझा नेम चुकत नाही. टाकला नाही, कारण त्याच्या मागे पाण्याचा घडा घेऊन तू उभी होतीस. मी काही भला माणूस म्हणून थांबलो नव्हतो. तो इतकी वर्षं तसं समजत असेल तर त्याला सांग, तेवढं ओझं कमी होईल."

त्याने सांगितलं तसं लिहिलं आहे. आणखी एक त्याने सांगितलं नाही, पण मी लिहिते. तुटलेल्या जागेतून त्याला शिट्टी येते. आधी यायची नाही. नदी एवढी गरजते की एका काठावरून दुसऱ्या काठावर हाक पोचत नाही, पण ती शिट्टी पोचते. मी आपल्या अंगणात असले तरी मला ऐकू येते. तुझ्या दगडाचं एवढं बरं झालं.

उत्तर नाही म्हणून द्यायचं असलं तरी दे. मग मी वाट बघणार नाही.

सातुका


चाकापाता, १५ जून

प्रिय हिलारिओ,

नवा पूल काल झाला. आज गावात नाच आहे. मी शोकात आहे, म्हणून लवकर घरी आले. बाहेर ढोल वाजतोय.

पार्सल पोचलं, पुलाच्या पहिल्या दिवशी सकाळी. ड्रायव्हरने या वेळी लांबून मान हलवली नाही, हात वर केला. आत चिठ्ठी असेल म्हणून मी तो तपकिरी पोंचो दोनदा झटकला. चिठ्ठी नव्हती. बरं झालं. तू काय लिहिलं असतंस आणि मी त्याचं काय केलं असतं?

डॉन फाउस्तिनोंना नेऊन दाखवला. त्यांनी नाकाशी धरला. "मासळी. म्हणजे हिलारिओचाच." मग उलटसुलट करून म्हणाले, "नाव कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, "नाव मी त्याला विचारलं होतं आणि त्याने हा पाठवला. दुसरं कुणाचं मी विचारलं नव्हतं."

चौकात सगळे होते. मग कुणीतरी मागून म्हणालं, दोर कुठे आहे तिच्या घरचा? दोराशिवाय माणूस कसा उभा करणार? माझ्याजवळ उजव्या पिळाचा होता तो अर्ध्या पुलालाही पुरला नसता. डावा सबंध होता. पलीकडच्या खांबाशी एवारिस्तोने ठेवलेला यंदाचाही डावाच, तो पोरांनी लामाला बांधायला आणला होता आणि तिथेच पडला होता.

डोन्या पास्कुआला म्हणाल्या, "उलटीला उलटा मिळालाय. दोघांचे दोर एकात एक वळा आणि मोकळे व्हा बाई, माझी भाकर करपते आहे."

सगळे हसले. डॉन फाउस्तिनो हसले नाहीत. त्यांनी खाली बसून दोन्ही दोर मांडीवर घेतले आणि तळहाताने उजवीकडे लोटले. हिलारिओ, ते एकमेकांत बसले. सुटेनात. दोन डावे मिळून एक उजवा दोर झाला, बाकीच्यांसारखाच. त्यांनी ओढून बघितला, थोरल्याला दुसरं टोक धरायला लावून पुन्हा ओढला.

"हाताने धरायचा दोर होईल," ते म्हणाले. "वरच्या अंगाचा."

एका म्हाताऱ्याने विचारलं, "नदीला चालेल का?"

"नदीशी मी बोलतो," डॉन फाउस्तिनो म्हणाले. "सातुर्निना, त्याला बोलाव. जुना पूल कापायच्या आत."

बोलवायला जावं लागलं नाही. तो पलीकडच्या खांबाशी उभा होता, मी हात केला. तो आला. लहानपणी आईच्या पाठीवर गेला, त्यानंतर अलीकडच्या काठावर त्याचं पाऊल पडलं नव्हतं. गावातल्या दगडांवरून तो पुलावर चालतो तसा चालला, हळू आणि मोजून.

पुढचं मी वरच्या बांधावरून बायकांमध्ये बसून बघितलं. ऐकू काही आलं नाही, ते नंतर डोन्या पास्कुआलांच्या नवऱ्याकडून कळलं. एवारिस्तोने पोंचो डोक्यातून घातला आणि तो सुळ्यांशी अडकला. ना वर, ना खाली. सगळं गाव उभं आणि तो पोंचोच्या आत. आतून आवाज आला, "डॉन फाउस्तिनो, काढू की ढकलू?"

डॉन फाउस्तिनो म्हणाले, "हलू नकोस. नाक कापेन." मग सुरी काढून त्यांनी गळ्याची शिवण खाली चिरली आणि त्याचं डोकं बाहेर आलं. पोंचोचं एक टोक धरून त्याला आपल्या जागेवर उभं केलं. ताय्तांच्या जागेवर. त्याच्या शेजारचा माणूस थोडा सरकला. मग दोर ओढायची वेळ आली तेव्हा परत जवळ आला, कारण अंतर ठेवून दोर ओढता येत नाही.

तो काही फार जोराने ओढत नव्हता. मला भीती होती की तो दाखवायला जाईल. तो बाकीच्यांच्या ओढीला ओढ मिळवत होता. मी वरून ते ओळखलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला खायला तेच दिलं जे सगळ्यांना दिलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला चघळायला कोकाची पानं पुढे केली. डोन्या पास्कुआलांचा नवरा अजून त्याला सुळ्याच म्हणतो, पण आता तोंडावर म्हणतो. एवारिस्तो म्हणतो, हे बरं आहे. दोघातिघांनी त्याच्याशी बोलणं टाळलंच. ते टाळतील. मी सगळं गोड झालं असं लिहिणार नाही.

पूल झाल्यावर बायकांना खाली जायची मोकळीक असते. मी मध्यापर्यंत जाऊन आले. गवत अजून हिरवं आहे, वास येतो. वरच्या अंगाचा दोर मुठीत धरून बघितला. कुठून कुठपर्यंत माझा आणि कुठला त्याचा ते कळत नाही.

मार्चपर्यंत तो आपल्या झोपडीतच राहील. ताय्तांचं वर्ष झालं की मी काळे कपडे उतरवीन. त्या दिवशी दोन कामं आहेत, सकाळी दफनभूमीत आणि दुपारी चौकात. तू आलास तर तुझी जागा तुझीच आहे, तो बाजूला होईल. तो स्वतः तसं म्हणाला. मग दोघांना मिळून उभं राहायचं असेल तर डॉन फाउस्तिनोंशी तुम्हीच बोला.

पोंचो माझ्याकडे आहे. मासळीचा वास दोन धुण्यांनी गेला. गळा पार छातीपर्यंत चिरला आहे. आधी वाटलं होतं तसा शिवून टाकावा, पण मग पुढच्या वर्षी तो पुन्हा अडकेल. म्हणून चीर तशीच ठेवते आणि फक्त तिला काठ घालते. तपकिरी लोकर संपली होती, लाल घेतली आहे.

सगळे नाचायला गेले आहेत. दाराशी उजेड आहे तोवर बसते. एका बाजूचा काठ झाला. आता सुईत नवा धागा ओवून दुसऱ्या बाजूचा घालते.

सातुका